हजेरीपत्रक मागताना: महापालिकेतल्या माहिती अर्जाच्या नोंदी

आमच्या प्रभागात रस्ते झाडायचं काम ठेक्यावर आहे. ठेकेदाराला महिन्याला किती माणसांचे पैसे जातात आणि प्रत्यक्ष किती माणसं कामाला येतात, एवढंच आम्हा काही रहिवाशांना ताडून पाहायचं होतं. त्यासाठी माहिती अधिकार कायद्याखाली केलेल्या अर्जांच्या या नोंदी. महापालिकेचं नाव आणि माणसांची नावं घातलेली नाहीत. मी छोट्या संस्थांचे हिशेब तपासते, त्यामुळे बिलं वाचायची सवय आहे. वकील नाही.

२४ नोव्हेंबर २०२५

कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशात, रोज चाळीस कामगार आहेत, असं माजी नगरसेवकांकडून कळलं. सकाळी सहाला हजेरी कोठीपाशी (सफाई कामगारांची हजेरी लागते ती जागा) उभं राहिलं तर पंचवीसच्या वर डोकी दिसत नाहीत. काही जण थेट रस्त्यावर येत असतील, काही दुसऱ्या पाळीला असतील. म्हणून कागद हवेत: कार्यादेश, मासिक बिलं, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाची चलनं.

बैठकीत पहिलाच वाद नावांवरून झाला. गटातले एक निवृत्त काका म्हणाले, "नाव, पत्ता, मोबाइल मागा. नावच नाही तर बोगस माणूस धरणार कसा?" मला ते पटलं नाही. उद्या आमच्यातलं कुणी यादी घेऊन एखाद्या झाडूवालीच्या दारात उभं राहिलं, तर संध्याकाळपर्यंत मुकादमाला खबर पोचेल आणि पुढच्या महिन्यात तिचं काम जाईल. ठेक्यावरच्या बाईला नोटीस लागत नाही, 'उद्यापासून येऊ नको' पुरतं.

दुसरी अडचण कायद्याची. व्हॉट्सॲपवर फिरणारा नमुना अर्ज काकांनी आणला होता. त्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतच्या कलम ८(१)(ञ) मधलं जुनं वाक्य ठळक केलेलं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणालाही नाकारता येणार नाही. ते वाक्य आता कायद्यात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ते कलम बदललं आणि हा बदल याच महिन्यात लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं, असं दाखवावं लागे, आणि व्यापक जनहित असेल तर तरीही देता येई. आता 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच शब्द उरलेत. जनहिताचा विचार कलम ८(२) मध्ये अजून शाबूत आहे: सार्वजनिक हित संरक्षित हितापेक्षा मोठं असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकतं. पण 'देऊ शकतं' म्हणजे त्यांच्या मनावर. नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे नमुने आणि यूट्यूबवरची भाषणं या मुद्द्यापुरती बाजूला ठेवा.

शेवटी तोडगा निघाला. बिलांचा अर्ज मी लिहायचा, नावांशिवाय. हजेरीचा अर्ज काकांच्या म्हणण्याप्रमाणे, नावांसकट.

१ डिसेंबर

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत लागतो. आमचा मसुदा दीड पान झाला होता, त्यातलं निम्मं प्रशासनाला सुनावलेले बोल. ते गाळल्यावर मजकूर आपोआप बसला. दोन्ही अर्ज जोडपत्र 'अ' या ठरावीक नमुन्यात, प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रोख भरता येते, पण पावती दुसऱ्या मजल्यावर, सही तिसऱ्यावर. स्टॅम्प न्यायालयाच्या आवारातल्या विक्रेत्याकडून आधीच चार-पाच जास्तीचे आणून ठेवावेत, पुढे लागतातच.

नागरी सुविधा केंद्राने अर्ज परत केले: "घनकचऱ्याचे माहिती अधिकारी वेगळे आहेत, तिकडे द्या." कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडची असली तरी अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची असते. इथे तर इमारतही एकच. खिडकीवर हे ऐकवून फारसा फायदा होत नाही. मागे रांग असते आणि पलीकडच्या मुलीला कुणी शिकवलेलं नसतं. घनकचरा विभागाच्या आवक टेबलावर दिले. आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, सगळी मुदत तिथून मोजली जाते.

दिवस सोमवार होता, म्हणून थेट अभिलेख पाहायला मिळतात का तेही विचारलं. महापालिकांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. विभागात त्याची कुणालाच कल्पना नव्हती. नाद सोडला.

१६ डिसेंबर

काल निवडणुका जाहीर झाल्या, मतदान १५ जानेवारीला. आज चौकशीला गेले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. लिपिक म्हणाले, "मॅडम, आता आचारसंहिता. निकाल लागेपर्यंत कागद हलत नाही."

आचारसंहितेमुळे माहिती अधिकाराची मुदत थांबत नाही, कायद्यात तशी सवलत कुठेच नाही. मी एवढंच म्हटलं, "तसं लेखी द्या, मी जाते." ते हसले आणि पुढच्या फाईलकडे वळले. तरी कर्मचारी खरोखरच मतदार याद्यांच्या कामाला जुंपलेले होते, हेही खोटं नाही.

३१ डिसेंबर

दोन्ही उत्तरं एकदमच हातात पडली.

बिलांच्या अर्जाला मंजुरी. पानाला दोन रुपये याप्रमाणे शुल्क भरून प्रती न्याव्यात. शुल्काचं पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, तेव्हा पैसे लगेच भरलेले बरे.

हजेरीच्या अर्जाला नकार, चार ओळींत. माहिती वैयक्तिक स्वरूपाची, कलम ८(१)(ञ), आणि पुढे गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल. हा निकाल आता महापालिकांच्या उत्तरांत छापील परिच्छेदासारखा येतो. त्या प्रकरणात एका अधिकाऱ्याचे मेमो, शिक्षा, मालमत्ता आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं मागितली होती. आम्ही मागितलेलं हजेरीपत्रक म्हणजे ठेकेदाराच्या बिलाला जोडायचा पुरावा, ज्यावर महापालिकेची तिजोरी उघडते. पण आमच्याच अर्जात 'नाव, पत्ता, मोबाइल' असं स्वच्छ लिहिलेलं असल्यावर अधिकाऱ्याला फार विचार करावा लागला नसणार.

पत्रात उणिवा मात्र होत्या. कलम ७(८) प्रमाणे नकार देताना कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. शेवटच्या दोन्ही गोष्टी गायब. कलम १० प्रमाणे वगळायचा भाग वगळून उरलेलं देता येतं, त्याचा उल्लेखच नाही. हजेरीपत्रकातला नावांचा रकाना वैयक्तिक असला, तर तारखा आणि रोजची बेरीजही वैयक्तिक होते का?

५ जानेवारी २०२६

बिलांच्या प्रती आणल्या. कार्यादेश, मोजणी, देयकं, लेखा विभागाच्या टिपणी. कार्यादेशात चाळीसच आहेत.

गठ्ठ्याच्या शेवटी जे होतं, ते पाहून मी खुर्चीतच सरळ झाले. एका महिन्याच्या बिलाला ठेकेदाराचा वेतन तक्ता जोडलेला होता: प्रत्येक कामगाराचं पूर्ण नाव, आधार क्रमांक, बँक खातं, आयएफएससी, हातात पडलेली रक्कम आणि समोर अंगठा. आम्ही हे मागितलंच नव्हतं. ज्या विभागाने पाच दिवसांपूर्वी नावं खासगी म्हणून नाकारली, त्याच विभागाने खाते क्रमांक दोन रुपये पानाने विकले. झेरॉक्स काढणाऱ्याने फाईल उचलली आणि सलग काढली, दुसरं काही नाही.

काकांना हे घबाडच वाटलं. "मिळालंय ना कायद्याने? मग वापरा." यावर आमचं बरंच वाजलं. माझं म्हणणं: आधार आणि खाते क्रमांक असलेली पानं चाळीस घरांच्या व्हॉट्सॲपवर गेली, की कुणाच्या तरी खात्यातून पैसे जाणार आणि तो कामगार कुणाकडे दाद मागणार? शिवाय उद्या आम्हीच तक्रारदार म्हणून उभे राहिलो, तर ठेकेदाराचा वकील पहिलं बोट या पानांवर ठेवेल. ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकलाच होता, तो सगळ्यांसाठी काढून टाकायला लावला. पानं माहिती अधिकाऱ्यांना पत्रासोबत परत केली, रकाने झाकून नव्या प्रती मागितल्या आणि परत केल्याची पोच घेतली. अधिकारी आधी गोंधळले, मग त्यांनी पंख्याखाली उडणारी ती पानं स्वतः ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवसापासून त्यांचं आमच्याशी बोलणं बदललं, एवढं खरं.

९ जानेवारी

नकाराविरुद्ध पहिलं अपील केलं: जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प, नकार मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. मुद्दे थोडकेच ठेवले. कलम १० चा विचार झाला नाही. कलम ७(८) पाळलं नाही. कलम ८(२) प्रमाणे जनहित तोललं नाही. नकार योग्य होता हे दाखवायचं ओझं कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे. लांबलचक निकाल जोडण्याचा मोह टाळला, सुनावणीत ते कुणी वाचत नाही.

त्याच दिवशी तिसरा, नवा अर्ज. अपिलाच्या निकालाची वाट पाहण्यापेक्षा हे शहाणपणाचं. मजकूर जसाच्या तसा देते:

"प्रभागातील रस्ते सफाईच्या ठेक्यासंदर्भात ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या कालावधीतील हजेरीपत्रकांचे अवलोकन करून निवडक पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. मला कामगारांची नावे, पत्ते, मोबाइल, आधार, बँक खाते, यूएएन, सही-अंगठा यांपैकी काहीही नको आहे. हे रकाने कलम १० नुसार झाकून द्यावेत. मला हवे आहे: तारीख, हजेरी कोठी, अनुक्रमांक, हजेरीची खूण, दैनंदिन एकूण आणि पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम. ही माहिती महापालिकेने दिलेल्या देयकाचा आधार आहे."

काय नको, ते आधी लिहिलं की ८(१)(ञ) लावायला जागाच उरत नाही. अधिकाऱ्याची भीतीही कमी होते. नवं कलम आल्यावर चुकून काही गेलं तर अंगाशी येईल, ही धास्ती टेबलावरच्या माणसाला खरोखर आहे.

२ फेब्रुवारी

'माहिती विस्तृत असल्याने अवलोकन करावे', असं पत्र आलं. आम्ही तेच मागितलं होतं. पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये.

क्षेत्रीय कार्यालयात एका टेबलावर हजेरीच्या वह्या मांडल्या होत्या. लिपिकाने कार्डबोर्डची एक पट्टी कापून नावांच्या रकान्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "ताई, पट्टी मी सरकवणार, तुम्ही हात लावायचा नाही." ठरलं. ऑक्टोबरच्या वहीत रोजच्या 'पी'च्या खुणा वेगवेगळ्या शाईत, मधेच खाडाखोड, कुठे चहाचा डाग, जी वही रोज उघडली जाते तशी. नोव्हेंबरची वही मात्र कोरी करकरीत. महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने, आणि रोजची बेरीज न चुकता चाळीस. दिवाळीनंतर गावी गेलेलं कुणी नाही, आजारी कुणी नाही.

प्रती काढतानाची अडचण आधी लक्षात आली नव्हती. झेरॉक्स यंत्राच्या काचेवर वही पालथी घातली की पट्टी सरकते. काही पानांवर नावांची शेपटं दिसत होती. मग लिपिकाने काळ्या मार्करने नावं खोडली, पण कागद खिडकीशी धरला की मार्करखालची अक्षरं वाचता येतात. अखेर खोडलेल्या प्रतीचीच पुन्हा झेरॉक्स काढली आणि ती मला दिली. पहिली प्रत त्यांनी माझ्यासमोर फाडली. कुणाला प्रती झाकून घ्यायच्या असतील तर हीच पद्धत सांगा: खोडा, मग खोडलेल्याची झेरॉक्स. पैसे एकाच प्रतीचे लागले.

एक गोष्ट मात्र साधली नाही. नावाऐवजी अनुक्रमांकावरून एकच कामगार तिन्ही महिने होता का, हे पाहता येईल असं वाटलं होतं. पण दर महिन्याला वही नवी आणि अनुक्रमही नवा. बिल्ला क्रमांक असता तर जमलं असतं, ठेकेदाराने बिल्लेच दिलेले नाहीत.

११ फेब्रुवारी

नावांशिवाय ताळा करायचा दुसरा मार्ग सापडला. प्रॉव्हिडंट फंडाच्या संकेतस्थळावर ठेकेदाराची आस्थापना शोधली, की कोणत्या महिन्याचं चलन भरलं, किती रकमेचं आणि किती कर्मचाऱ्यांचं, ते दिसतं. त्यासाठी माहिती अर्जही लागत नाही. नोव्हेंबरच्या चलनात चाळीसपेक्षा बरीच कमी माणसं आहेत.

लगेच पेपरात द्यायला काका निघाले होते. थांबवलं, कारण पळवाटा आहेत. ठेकेदाराची कामं अनेक ठिकाणी फंडाच्या एकाच आस्थापना कोडखाली असतात, पण तसं असेल तर आकडा वाढायला हवा, कमी व्हायला नको. दुसरा कोड असू शकतो. नोकरीला लागतानाच पगार पंधरा हजारांच्या वर असेल आणि आधीचं खातं नसेल तर कामगार फंडाबाहेर राहू शकतो, आणि ठेकेदार नेमकं तेच सांगतात. त्यावर ताळा म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा): तिथली पगाराची मर्यादा एकवीस हजार. फंडाबाहेरची माणसं ईएसआयमध्ये तरी दिसायला हवीत. आणि फंडाचा वाटा महापालिका बिलात ठेकेदाराला देत असेल, तर तो चाळीस जणांचा दिला की चलनाइतक्यांचा, हे आमच्या हातातल्या बिलांवरून निघतं. चाळीस जणांचा दिलेला आहे.

२३ फेब्रुवारी

अपिलाची सुनावणी, बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी. अपील तीस दिवसांत निकाली काढायचं असतं, कारणं नोंदवून पंचेचाळीसपर्यंत नेता येतं.

ठेकेदाराला कलम ११ खाली त्रयस्थ पक्ष म्हणून बोलावलं होतं. त्याच्या प्रतिनिधीने व्यावसायिक गुपित असा मुद्दा काढला. अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारलं, "झाडू मारण्यात गुपित काय?" पुढे तो मुद्दा निघाला नाही. निकाल असा: नावं, संपर्क, ओळख क्रमांक देता येणार नाहीत. बाकी हजेरीपत्रक, वेतन तक्त्यातल्या एकूण रकमा आणि वैधानिक भरण्याच्या चलनांच्या प्रती पंधरा दिवसांत विनाशुल्क द्याव्यात. कलम ८(२) वर एक अक्षर नाही.

त्यावर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. काका करणार आहेत. त्यांचं म्हणणं, जनहित तोलायचंच नाही असा पायंडा पडू देता कामा नये, आणि ते चूक नाही. मी त्यात नाही. मला जे सिद्ध करायचं आहे त्याला नावं लागत नाहीत, आणि आयोगापुढे प्रकरणं फार दिवस पडून राहतात.

१६ मार्च

चलनांच्या प्रती मिळाल्या. दोन महिन्यांचं चलन, बिलाच्या मंजुरीनंतरच्या तारखेचं. म्हणजे बिल पास करताना ते फाईलला नव्हतंच. करारनाम्यातली अट अशी की आधीच्या महिन्याचा भरणा दाखवल्याशिवाय पुढचं देयक नाही. तीन रकान्यांचा तक्ता केला: हजेरीची बेरीज, बिलातली संख्या, चलनातली संख्या. एक प्रत आयुक्तांना, एक मुख्य लेखापरीक्षकांना, एक कामगार आयुक्त कार्यालयाला. जोडलेल्या पानांवर एकही नाव नाही.

खर्च म्हणाल तर स्टॅम्पचे पन्नास, प्रती आणि अवलोकन मिळून दोनशेच्या आसपास, रिक्षा वेगळी. मोठा खर्च वेळेचा: नावांच्या आग्रहात डिसेंबर पूर्ण गेला. तो अर्ज पहिल्या दिवशीच झाकलेल्या रकान्यांचा केला असता, तर नोव्हेंबरची करकरीत वही मतदानाच्या आधीच हातात आली असती.

पुढचा अर्ज लेखापरीक्षण आक्षेपांच्या प्रतींसाठी, घनकचरा विभागाच्या गेल्या दोन वर्षांच्या. मजकूर तयार आहे, 'काय नको' ही ओळ या वेळी सगळ्यात वर घातली आहे. स्टॅम्प संपलेत, उद्या आणते.